आधी दहा, मग हातचा : लहान मुलांना बेरीज-वजाबाकी घरी कशी शिकवावी

मुलाला बेरीज शिकवायची म्हटले की बहुतेक घरांत वही-पेन्सिल बाहेर निघते, एकाखाली एक दोन संख्या लिहिल्या जातात, खाली रेघ ओढली जाते आणि ‘कर बघू’ असे फर्मान सुटते. वास्तविक ही उभी मांडणी म्हणजे या वाटेवरचा शेवटचा मुक्काम आहे. त्याआधी वस्तू नीट मोजणे, एखादी संख्या निरनिराळ्या प्रकारे फोडून पाहणे आणि दहाचा गट एकसंध ओळखणे या गोष्टी मुलाने स्वतःच्या हातांनी भरपूर केलेल्या असल्या, तर हातचा त्याला वेगळा ‘शिकवावा’ लागत नाही. त्या केलेल्या नसल्या, तर तेच मूल दोन-दोन वर्षे ‘वर एक चढव’ एवढे पाठ करून गणिते सोडवते आणि संख्या जरा वेगळ्या आल्या की अडते. हा लेख पाच ते आठ वर्षांच्या मुलांना घरी पहिल्यांदाच गणित शिकवू पाहणाऱ्या पालकांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे.

घाई करण्याचे कारण नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. लहान मुलांना वाचन-लेखन आणि अंकज्ञान यावे यासाठी केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाची अपेक्षासुद्धा पुरेशी सावकाश आहे : बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, दहापर्यंतचे अंक ओळखणे, पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे आणि सोप्या बेरजा-वजाबाक्या करता येणे, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी. बालवर्गातल्या मुलाकडून हातच्याची गणिते करून घेणाऱ्या पालकांनी ही अपेक्षा एकदा डोळ्यांखालून घालावी.

साहित्य घरातलेच पुरते. मूठ-दोन मुठी चिंचोके, आइस्क्रीमच्या किंवा खराट्याच्या काड्या, रबरबँड, एक फासा, पत्त्यांचा जोड, दहा रुपयांच्या काही नोटा आणि एक रुपयाची सुटी नाणी एवढे जमवावे. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल अशी शंभर मण्यांची माळ ओवता आली तर उत्तम. शाळेत तिला गणितमाळ म्हणतात. घरात रांगते भावंड असेल तर चिंचोके, मणी आणि नाणी खेळ संपताच उचलून ठेवावीत.

पहिली पायरी : म्हणणे आणि मोजणे यांतला फरक

‘आमचा बंटी शंभरपर्यंत मोजतो’ असे कौतुकाने सांगितले जाते तेव्हा पुष्कळदा तो शंभरपर्यंत म्हणत असतो. हे तपासणे सोपे आहे. सात चिंचोके रांगेत न मांडता गोलाकार मांडावेत आणि मोजायला सांगावे. प्रत्येक चिंचोक्याला एकदाच बोट लागते का, सुरुवात कुठून केली हे लक्षात राहते का, हे पाहावे. मोजून झाल्यावर ‘मग किती आहेत?’ असे विचारावे. काही मुले या प्रश्नावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात, कारण शेवटी उच्चारलेला ‘सात’ हा साऱ्या ढिगाचा आकडा आहे हे त्यांना अजून उमगलेले नसते. अशा मुलाला बेरीज शिकवणे व्यर्थ आहे. आणखी काही आठवडे निव्वळ मोजणे करावे. ‘मला सात चिंचोके दे’ ही मागणी समोरचे सात मोजण्यापेक्षा अवघड असते, कारण देता देता कुठे थांबायचे हे लक्षात ठेवावे लागते. जेवणाची ताटे मांडणे, पोळ्या मोजून वाढणे, चपला जोडीने लावणे या कामांत ही मागणी आपोआप येते.

याच काळात दहापासून आणि पुढे वीसपासून उलटे मोजण्याची सवय लावावी. वजाबाकीचा पाया तिथे घातला जातो आणि नेमके तेच राहून जाते. फाशावरचे ठिपके न मोजता ओळखता येणे हेही याच वयाचे काम आहे.

दुसरी पायरी : फोड

माझ्या मते साऱ्या प्रवासातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी ही आहे. पाच चिंचोके मुलासमोर मोजून घ्यावेत, हात पाठीमागे न्यावेत, दोन मुठींत वाटून घ्यावेत आणि एक मूठ उघडून दाखवावी. उघड्या मुठीत तीन आहेत; मग बंद मुठीत किती? मूल आधी नुसताच अंदाज ठोकते. मग त्याच्या लक्षात येते की अंदाज करायची गरज नाही. ते उघड्या मुठीतले तीन पाहते, बोटांवर ‘चार, पाच’ असे पुटपुटते आणि ‘दोन!’ म्हणते. काही दिवसांनी पुटपुटणेही थांबते. या एकाच खेळात तीन आणि दोन पाच, पाचातून तीन गेले की दोन, आणि तीनला पाच व्हायला दोन हवेत या तिन्ही गोष्टी घडून जातात. म्हणूनच बेरीज आधी आणि वजाबाकी काही महिन्यांनी अशी फारकत करू नये.

पाचानंतर सहा, सात असे करत दहापर्यंत यावे आणि दहावर चांगला मुक्काम करावा. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच या दहाच्या जोड्या मुलाला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता आल्या पाहिजेत. त्यासाठी पत्त्यांतून एक्का ते नव्वी एवढीच पाने घ्यावीत, एक्का म्हणजे एक समजावे, सगळी पालथी मांडावीत आणि दोन पाने उलटून दहा होत असतील तर उचलून घ्यावीत. मोठ्या माणसांनाही या खेळात हरायला होते, आणि मुलांना त्याचा विशेष आनंद होतो.

बोटांवर मोजू द्यावे की नाही, हा प्रश्न हमखास येतो. निःशंकपणे मोजू द्यावे. दोन्ही हातांची दहा बोटे समोर धरली आणि तीन मिटली की सात उरलेली दिसतात. दहाच्या जोड्यांसाठी याहून जवळचे साधन नाही. मात्र आपल्याकडे मोठी माणसे बोटांच्या पेरांवर मोजतात, ती पद्धत या वयात देऊ नये. पेरांवर मोजताना एका बोटावर तीन किंवा चार येतात, त्यामुळे पाच आणि दहा यांचा आकार हातात दिसत नाही.

तिसरी पायरी : चिन्हे

शिक्षक प्रशिक्षणात अनुभव, भाषा, चित्र आणि शेवटी चिन्ह असा क्रम सांगितला जातो; घरीही तोच धरावा. रिक्षात तिघे बसले होते, पुढच्या थांब्यावर दोघे चढले, आता किती? हे आधी चिंचोक्यांनी करावे, मग मुलाने त्याची गोष्ट सांगावी, मग गोल किंवा रेघा काढाव्यात, आणि त्यानंतरच ३ + २ = ५ असे आडवे लिहावे. चिन्ह वाचताना ‘तीन अधिक दोन बरोबर पाच’ असे पूर्ण वाचावे.

‘बरोबर’ या चिन्हाविषयी सुरुवातीपासून सावध राहावे. मुलांची समजूत अशी होते की हे चिन्ह आले की पुढे उत्तर लिहायचे. मग ८ = ५ + ३ असे लिहून दाखवले की ती ‘हे उलटं आहे’ म्हणतात, आणि ५ + ☐ = ८ या चौकटीत १३ लिहितात. दोन्ही बाजूंना सारखेच आहे एवढाच या चिन्हाचा अर्थ असतो. म्हणून गणिते कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी मध्ये चौकट ठेवून द्यावीत.

वजाबाकीच्या गोष्टीही एकाच साच्याच्या नसाव्यात. ‘आठ लाडू होते, तीन खाल्ले’ ही काढून घेण्याची गोष्ट झाली. ‘ताईकडे आठ, दादाकडे तीन, ताईकडे किती जास्त?’ ही तुलनेची, आणि ‘तीन झाले, आठ हवेत, अजून किती?’ ही भर घालण्याची. तिन्ही गोष्टींचे उत्तर ८ – ३ ने मिळते, परंतु पहिलीच गोष्ट सतत ऐकलेल्या मुलाला उरलेल्या दोन गोष्टींत वजाबाकी दिसतच नाही. शून्याची गणितेही अधूनमधून घ्यावीत, कारण ‘पाच वजा शून्य’ला शून्य हे उत्तर देणारी मुले बरीच असतात.

चौथी पायरी : पुढे मोजणे

सुरुवातीला ८ + ५ करताना मूल आठ चिंचोके मोजते, पाच मोजते आणि मग सगळे मिळून पुन्हा एकपासून मोजते. हे स्वाभाविक आहे. पुढची पायरी म्हणजे आठ मनात धरून ‘नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा’ असे पुढे मोजणे. त्यासाठी आठ चिंचोके मोजून वाटीखाली झाकावेत. दिसत नाहीत म्हटल्यावर पुन्हा मोजता येत नाहीत आणि पुढे मोजणे भाग पडते. यथावकाश ३ + ९ साठी नऊपासून सुरुवात करणे सोयीचे, हेही मुलाला उमगते; न उमगल्यास दोन्ही प्रकारे करायला सांगून ‘कुठलं लवकर झालं?’ असे विचारावे.

या टप्प्यावर उत्तर नेहमी एकाने कमी येऊ लागले, म्हणजे ८ + ५ चे बारा येऊ लागले, तर मूल ‘आठ’ हा आकडाच पहिल्या बोटावर मोजत आहे असे समजावे. यावर सापशिडीसारखा उपाय नाही. सोंगटी ४७ वर आहे आणि सहा पडले, तर ज्या घरात आपण उभे आहोत ते मोजायचे नाही, हे मुले खेळात फार कटाक्षाने पाळतात आणि दुसऱ्याने चुकवले तर भांडतातही. फक्त एक ध्यानात ठेवावे : सापशिडीच्या पटावर आकडे एका ओळीत डावीकडून उजवीकडे आणि पुढच्या ओळीत उलटे जातात, त्यामुळे दशके नीट दिसत नाहीत. दहा मिळवले की सरळ खालच्या घरात जातो हे दाखवण्यासाठी १ ते १०० चा साधा तक्ता भिंतीवर लावावा.

पाचवी पायरी : दहावरून उडी

आता दहाच्या जोड्या कामाला येतात. एका कागदावर दोन ओळींत पाच-पाच अशी दहा घरांची चौकट काढावी. ८ + ५ साठी चौकटीत आठ चिंचोके ठेवावेत आणि पाच बाजूला. चौकट भरायला किती हवेत? दोन. पाचातले दोन आत गेले, तीन बाहेर उरले. दहा आणि तीन तेरा. हीच कृती उलट केली की १३ – ५ होते : बाहेरचे तीन आधी काढले, दहा उरले, अजून दोन काढायचे आहेत, ते चौकटीतून काढले, आठ उरले. मुलाने मोजण्याऐवजी फोडायला सुरुवात केली की बेरजेचा वेग आपसूक वाढतो. त्यासाठी घड्याळ लावून बसण्याची गरज नाही.

दुपटीही इथेच पक्क्या कराव्यात. सहा आणि सहा बारा हे मुलांना लवकर पाठ होते. मग सहा आणि सात म्हणजे त्याहून एक जास्त. कुठले मूल ८ + ७ ला दहावरून जाईल, कुठले सात-सात चौदा आणि एक पंधरा म्हणेल. दोन्ही वाटा चालतात. आपली वाट त्याच्या गळ्यात मारू नये.

सहावी पायरी : दशक, सुटे आणि मराठी संख्यानामे

दहा काड्यांना रबरबँड लावून गठ्ठा करणे मुलाला स्वतः करू द्यावे, तयार गठ्ठे देऊ नयेत. चौतीस काड्यांचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या झाल्या की ३४ मधला तीन आणि चार कुठून आले ते दिसते.

मराठी मुलांपुढे इथे एक खास अडचण उभी राहते. आपण त्रेपन्न म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो; म्हणून ५३ चे ३५ होतात. एकोणसाठमध्ये तर ‘साठ’ ऐकू येते आणि लिहायचे असतात पन्नासातले नऊ, त्यामुळे मुले ६९ लिहून मोकळी होतात. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी उच्चारतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला, आणि गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका वारंवार स्पष्ट करावी लागली. वादाचे काहीही असो, घरी शिकवताना ही पद्धत फार उपयोगी पडते : ‘त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन’ असे दोन्ही एका दमात म्हणावे. ‘एकोण’ची नावे तर वजाबाकीचा सरावच आहेत, कारण एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे चालते. नव्याण्णव मात्र हा नियम पाळत नाही आणि मुलांना ती गंमत सांगावी. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना आजीच्या तोंडचे ‘अडुसष्ट’ कळत नाही, म्हणून मराठी नावे सोडून देण्याऐवजी त्यांनाही ‘साठ आणि आठ’ ही जोड द्यावी.

हातचा, नोटा-नाण्यांनी

गठ्ठे पक्के झाले की दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी काढावीत. पालकाने बँक व्हावे. नियम एकच : कोणाकडेही दहा किंवा त्याहून जास्त नाणी राहता कामा नयेत, दहा झाली की बँकेत देऊन नोट घ्यायची. ३८ रुपयांत २५ मिळवायचे आहेत. आठ आणि पाच नाणी मिळून तेरा झाली, त्यांतली दहा देऊन मुलाने एक नोट घेतली, तीन नाणी उरली. आता नोटा तीन, दोन आणि ही नवी एक अशा सहा. त्रेसष्ट. ती नवी नोट म्हणजेच हातचा, आणि तो दशकाच्या घरात का लिहायचा हे आता सांगावे लागत नाही.

वजाबाकीला याच खेळात अधिक वेळ द्यावा. मुलाकडे ५२ रुपये आहेत, म्हणजे पाच नोटा आणि दोन नाणी, आणि त्याला २७ द्यायचे आहेत. ते दोन नोटा लगेच देते, मग दोन्ही नाणी देते आणि थबकते. ‘अजून पाच द्यायचे आहेत.’ ‘मग काय करशील?’ इथे पालकाने गप्प राहावे. ही शांतता जड जाते, तरी राहावे. थोड्या वेळाने मूल नोट पुढे करते : ‘हिचे सुटे द्या.’ दहा नाणी मिळतात, पाच देऊन होतात, आणि उरलेल्या दोन नोटा व पाच नाणी मोजून ते पंचवीस सांगते. हाच प्रसंग वेगवेगळ्या रकमांनी अनेक दिवस घडू द्यावा. त्यानंतर पैशांशेजारी कागद ठेवून जे जे हाताने केले ते ते उभ्या मांडणीत लिहावे : पाच दशकांवर काट, वर चार, दोनाच्या जागी बारा. लिहिताना एककापासून सुरुवात का करतात, हेही आता पटते, कारण सुटे पुरतात की नोट मोडावी लागते हे आधी पाहावे लागते.

चुका वाचाव्यात कशा

उत्तरावर फुली मारण्याआधी ते आले कसे हे पाहावे. ३८ + २४ = ५१२ लिहिणाऱ्या मुलाने तीन आणि दोन पाच, आठ आणि चार बारा असे दोन स्वतंत्र हिशेब शेजारी शेजारी मांडले आहेत; त्याला उभी मांडणी येते, दशक येत नाही. ५२ – २७ = ३५ लिहिणाऱ्याने एककाच्या घरात मोठ्यातून लहान वजा केले आहेत, कारण ‘दोनातून सात जात नाहीत’ एवढेच त्याने ऐकलेले आहे. ६० – २४ = ४४ हे त्याचेच भावंड. या तिन्ही चुकांवर उपाय एकच, पुन्हा नोटा-नाण्यांकडे जाणे. त्याच जातीची आणखी वीस गणिते सोडवून घेतली तर चूक पक्की होते. ‘कसं केलंस?’ हा प्रश्न उत्तर बरोबर आले तरीही विचारावा. नाहीतर मुले एवढेच शिकतात की आई असे विचारते म्हणजे नक्की चुकले.

शाब्दिक उदाहरणांत ‘जास्त’ दिसले की अधिक आणि ‘उरले’ दिसले की वजा, अशी युक्ती शिकवू नये. ‘मीनाकडे आठ गोट्या आहेत. त्या राजूच्या गोट्यांपेक्षा तीनने जास्त आहेत. राजूकडे किती?’ या प्रश्नात ‘जास्त’ असूनही वजाबाकी करायची आहे. शब्द शोधण्याऐवजी मुलाने गोष्ट चिंचोक्यांनी मांडून दाखवावी.

रोज दहा-पंधरा मिनिटे, आणि मूल कंटाळण्याआधी थांबणे, एवढा वेळ पुरेसा आहे. दुसरी संपत आली तरी दहाच्या आतल्या वस्तू मोजून देणे किंवा दोन ढिगांतला मोठा ढीग ओळखणे मुलाला जड जात असेल, तर आळस किंवा हट्ट असे न मानता वर्गशिक्षकांशी बोलावे, डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि गरज वाटल्यास अध्ययन अक्षमता तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे.

एवढे झाल्यावर मुलाला वाण्याकडे न्यावे. बिल ३७ रुपये झाले आणि ५० ची नोट दिली, तर पुष्कळ दुकानदार वजाबाकी करत नाहीत. ते ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस’ म्हणत तीन नाणी आणि ‘पन्नास’ म्हणत दहाची नोट हातावर ठेवतात. परत आलेले तेरा रुपये मुलाने याच पद्धतीने तपासावेत आणि घरी येऊन ५० – ३७ उभ्या मांडणीत करून पाहावे. तीन अंकी गणिते सुरू होतील तेव्हा बँकेच्या खेळात शंभराच्या नोटा आणाव्यात. दहाच्या दहा नोटा झाल्या की शंभराची एक, हा नवा नियम तेवढा वाढतो. ३०० – १४८ सारखी उदाहरणे, ज्यांत शंभराची नोट मोडून पुन्हा तिच्यातली दहाची मोडावी लागते, ती सर्वांत शेवटी घ्यावीत.